पंचेचाळिसावी वात

डिसेंबरची चोवीस तारीख, संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. लागणाऱ्या वाती: नऊ. हजर: बाबा, आई आणि मी. ही नोंद माझ्या पाचवीच्या गणिताच्या वहीत शेवटच्या पानावर आहे आणि तिच्यात दोन चुका आहेत. वाती नऊ नाही, दहा लागायच्या होत्या. आणि हजर असलेले आम्ही तिघंच नव्हतो. वही मी जपून ठेवली आहे. चुका खोडलेल्या नाहीत. खोडलेला आकडा पुढे कुणालाच वाचता येत नाही, चुकलेला निदान वाचता तरी येतो.

आम्ही तेलुगू मुलखात, बेल्लमपल्लीला, कोळशाच्या खाणीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा मूळचे कोकणातले, बेने इस्राएल. त्यांच्या गावात त्यांच्या लोकांना शनवारतेली म्हणत, कारण ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. आई सीमेवरच्या एका खेड्यातली, कापूस-ज्वारीच्या शेतात वाढलेली ख्रिस्ती. दोघंही मराठी, पण एकाच घरात दोन मराठ्या. बाबा मला हाक मारायचे, ‘‘रिबका, इकडं ये गो बाय,’’ आणि आई विचारायची, ‘‘काऊन वो, काय काम काढलं पोरीले?’’ ती दोघं कशी भेटली आणि कुणाकुणाचा विरोध पत्करून एकत्र आली, ते इथे लिहीत नाही. दोन्हीकडचे नातेवाईक आमच्या घरी येत नसत, एवढं सांगितलं की पुरे. डिसेंबरात आमच्याकडे पाहुणी म्हणून यायची ती फक्त शेजारची राजव्वा. ‘‘मी इंट्लो रेंडु पंडुगलु,’’ ती म्हणायची. तुमच्या घरी दोन-दोन सण. आणि दोन्ही सणांचं ताट घेऊन जायची.

बाबा खाणीच्या लॅम्परूममध्ये बाबू होते. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला टोपीवरचा दिवा द्यायचा, त्याचा नंबर लिहायचा, पाळी सुटली की दिवा परत घ्यायचा आणि नंबरापुढे खूण करायची. भोंगा होऊन गेला आणि एखादा दिवा आला नाही, तर बाबा घरी येत नसत. ‘‘दिवा आला नाही म्हणजे माणूस आला नाही,’’ ते सांगायचे. ‘‘आधी मोजायचं, मग घाबरायचं.’’ मोजायची सवय मला त्यांच्यामुळे लागली. आज मी आदिलाबादला शाळेत गणित शिकवते, आणि सहलीहून परतताना बसमधली मुलं तीनदा मोजते. सहशिक्षिका हसतात. हसू देत.

डिसेंबर लागला की आमच्या दोन खोल्यांत तिळाच्या तेलाचा आणि गुळाचा वास भरून राहायचा. दगडी कोळशाच्या शेगडीवर आई करंज्या तळायची आणि सारणातलं खोबरं कमी पडलं की बाबांकडे बघायची, कारण निम्मं खोबरं त्यांनी मलिद्यासाठी बाजूला काढलेलं असे. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची आणि वर पाच फळं. बाबांच्या लोकांत नवस फेडताना एलियाहू हनबी या संदेष्ट्याच्या नावाने तो करतात. आईच्या बायबलात हाच संदेष्टा एलिया होता. ‘‘आमचा एलिया तुमच्या घरी राहून कोकणी झाला,’’ ती म्हणायची. बाबा म्हणायचे, ‘‘आधी तो आमचाच होता गो, तुम्ही मागून नेलात.’’ बाबांच्या नियमाने मटण आणि दूध-तूप एका जेवणात चालत नसे, म्हणून नाताळचा पुलाव तेलातला आणि त्यानंतरचा चहा कोरा. नाताळ म्हणजे कोरा चहा, असं मी कितीतरी वर्षं समजत होते.

बाबांचा सण हनुका. आठ संध्याकाळी दिवे लावायचे, पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढवत आठव्या दिवशी आठ. शिवाय रोज एक सेवक दिवा, ज्याने बाकीचे पेटवायचे. खाणीतल्या लाकडाची एक फळी तासून बाबांनी तिच्यावर नऊ पणत्या बसवल्या होत्या. आईचा सण म्हणजे छपरावर बांबूला बांधलेला कागदी तारा, ज्याच्या आत दिव्याची वायर बाबाच ओढून द्यायचे, आणि खोलीच्या कोपऱ्यात कडब्याची छोटी गव्हाण. मातीचे बैल, मेंढ्या, मेंढपाळ, योसेफ, मरिया. गव्हाणीत बाळ मात्र नसायचं. चॅपलमधल्या, राजव्वाच्या बहिणीच्या, सगळ्यांच्या गव्हाणीत बाळ असायचं. आमची रिकामी. मी विचारलं तेव्हा आई म्हणाली होती, ‘‘तुह्या बाबाले मूर्ती चालत नाई.’’ मग मरिया कशी चालते, आणि बैल कसे चालतात, हे विचारायचं मला सुचलं नाही. हनुका संपण्याच्या संध्याकाळी मात्र आई त्या रिकाम्या कडब्यापुढे एक पणती लावायची. हनुका कधी लवकर येतो, कधी नाताळला येऊन भिडतो, पण ती पणती आठव्या संध्याकाळीच लागायची. मला ती नाताळचीच पणती वाटायची.

घरात आणखीही काही होतं. मोजणाऱ्या पोरीला ते दिसायला हवं होतं. आई ताटल्या मांडताना चौथ्या ताटलीला हात लावायची आणि ती परत फळीवर ठेवायची. दोरीवर कपडे वाळत घालताना मधे एका सदऱ्याएवढी जागा सोडायची. दारात पावलं वाजली की ती थेट माणसाच्या तोंडाकडे बघत नसे. तिची नजर आधी दाराच्या मध्यावर जायची आणि मग वर. मी चार-पाच वर्षांची असताना ती नजर कडीच्या बरीच खाली असे. पाचवीत होते तेव्हा कडीच्याही वर गेली होती. म्हणजे ज्याची वाट होती, तो दरवर्षी वाढत होता. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मला इतकंच वाटायचं की आमच्या दारात कुणीतरी उभं राहतं आणि ते मला दिसत नाही. त्या दाराकडे पाठ करून मी अभ्यासाला बसत नसे.

त्या वर्षी बाबांच्या उजव्या हाताची बोटं बॅटरीच्या ॲसिडने भाजली होती आणि त्यांना पट्टी होती. एरवी वाती ते स्वतः वळायचे. त्या वर्षी ते काम माझ्याकडे आलं. बाबा पाळीवर जाता जाता म्हणाले, ‘‘पंचेचाळीस कर गो.’’ आई न्हाणीत होती. ओट्यावर आजोबांच्या शेतातल्या कापसाचा पुंजका होता आणि त्याच्या शेजारी वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी. पुडीत चिमूटभर कापूस, जुना, जरा पिवळट पडलेला.

मी आधी हिशोब केला. एक अधिक दोन अधिक तीन असं आठपर्यंत, छत्तीस. सेवकाच्या आठ. चव्वेचाळीस. दोनदा करून पाहिला. लॅम्परूमच्या बाबूने एक जास्त सांगितली होती! मला किती आनंद झाला ते आजही आठवतं. बाबांची चूक मी पकडली होती आणि ती त्यांना न सांगता दुरुस्त करणार होते. वाती वळताना कापूस थोडा कमी पडेलसं वाटलं, म्हणून पुडीतला पिवळट कापूसही पिंजून मोठ्या पुंजक्यात मिसळला. चव्वेचाळीस वाती बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या आणि कागद शेगडीत टाकला. संध्याकाळी बाबांनी विचारलं, ‘‘झाल्या?’’ मी म्हटलं, ‘‘झाल्या.’’ खोटं बोलले नाही. आईनेही विचारलं, ‘‘पुडी सापडली नं?’’ मी म्हटलं, ‘‘सापडली.’’ तेही खोटं नव्हतं.

सात संध्याकाळी सगळं बरोबर जमलं. आठवी संध्याकाळ त्या वर्षी नेमकी नाताळच्या आदल्या दिवशी आली. सहा वाजून दहा मिनिटांनी मी वहीत नोंद केली. बाबांनी सेवक दिवा पेटवला, हिब्रूतला आशीर्वाद म्हटला आणि आठ दिवे लावले. डबा रिकामा झाला. मी तो उलटा करून फळीवर ठेवला, हिशोब जुळल्याची खूण म्हणून. आई गव्हाणीपुढे पणतीत तेल ओतून बसली होती. तिने मागे न बघता हात पुढे केला.

‘‘आन, ती वात दे.’’

‘‘संपल्या,’’ मी म्हटलं. ‘‘चव्वेचाळीस होत्या. लागल्या सगळ्या.’’

‘‘पंचेचाळीस,’’ बाबा म्हणाले.

‘‘चव्वेचाळीसच लागतात बाबा. एक ते आठ छत्तीस, अन् सेवकाच्या आठ. तुमी एक जास्त सांगितली होती. मी दुरुस्त केली.’’

आईचा हात तसाच पुढे राहिला. ‘‘अन् पुडीतला कापूस?’’

‘‘तो मिसळला. कमी पडून राह्यला होता.’’

‘‘कशात मिसळला?’’

‘‘सगळ्यात.’’

आई उठली. डबा सरळ करून तिने आत बोट फिरवलं, जणू एखादा धागा राहिला असेल. मग ती बाबांकडे वळली. ‘‘तुमी पोरीले सांगतलं नाई?’’

‘‘मला वाटलं, तू सांगशील.’’

‘‘मले वाटलं, तुमी सांगतलं.’’

आमच्या घरातली मूळ चूक हीच होती. दोन धर्मांचं घर. प्रत्येकाला वाटायचं की ही गोष्ट दुसऱ्याच्या बाजूची आहे, ती त्याने सांगायची, त्याने करायची. मी विचारलं, ‘‘कुणाचा कापूस होता तो?’’ बाबा म्हणाले, ‘‘तुझ्या भावाच्या उशीतला.’’

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. माझ्या आधी तीन वर्षं त्यांना एक मुलगा झाला होता. त्याच्यासाठी माझ्या आजीने शेतातल्या कापसाची बोटभर जाडीची उशी शिवून पाठवली होती. दोघांचं आधीच ठरलं होतं की नाव बाबांच्या रीतीने, आठव्या दिवशी ठेवायचं आणि बाप्तिस्म्याचं पुढे मोठा झाल्यावर तो स्वतःच ठरवील. पोर सातव्या दिवशीच दगावलं. बाबा चॅपलच्या पाद्रींकडे, तिथल्या आवारात पुरायला जागा मागायला गेले. पाद्रींनी नाही म्हटलं नाही. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि विचारलं, ‘‘नाव काय लिहू?’’ बाबा म्हणाले, नाव नाही, नाव उद्या मिळणार होतं. पाद्री म्हणाले, काहीतरी तर लिहावं लागेल, नुसतं बाळ लिहू का. बाबांना ते पटेना. ज्याला नाव मिळालंच नाही त्याच्या रकान्यात मनाने काही भरणं त्यांना खोटी नोंद वाटली. ते उठून आले. कॉलनीच्या मागे पळसाची झाडं होती, तिथे त्यांनी एकट्याने त्याला पुरलं. आई बाळंतिणीच्या खाटेवर होती. तिने ती जागा पंधरा दिवसांनी पाहिली. त्यानंतरच्या पहिल्या हनुकाला तिने उशीची शिवण जराशी उसवली, चिमूटभर कापूस काढला आणि बाबांपुढे ठेवला. आठव्या संध्याकाळची वात. तोंडाने काही मागितलं नाही. बाबांनी ती वळली. तेव्हापासून दरवर्षी.

मी रडले असेन, पण ते आठवत नाही. आठवतं ते हे, की मी फळीवरच्या नऊ दिव्यांकडे बघत होते आणि त्यांतल्या कोणत्यात तो आहे ते शोधत होते. किंवा तो पहिल्याच दिवशी जळून गेला असेल, किंवा चौथ्या, मी गरम पुऱ्या खात असताना. किंवा थोडा थोडा रोज. आठ संध्याकाळ तो घरात होता आणि आम्ही त्याला ओळखलं नाही.

‘‘उशी आण,’’ बाबा आईला म्हणाले. ‘‘थोडा कापूस काढ. मी वळतो, डाव्या हाताने वळतो.’’

‘‘नाई,’’ आई म्हणाली. ‘‘या वर्षाचं देऊन झालं. कोण्या दिवशी पोचलं ते त्याले ठाऊक.’’

बाहेर ढोलकी वाजायला लागली. चॅपलची मंडळी दारोदार नाताळची गाणी म्हणत फिरत होती. राजव्वाचा आवाज आला, ‘‘मार्थम्मा! तलुपु तिय्यु!’’ दार उघड. आईने उघडलं नाही. त्यांनी दाराबाहेरच तेलुगूत दोन गाणी म्हटली, जन्मलेल्या बाळाची, आणि पुढच्या क्वार्टरकडे गेली. दाराच्या फटीतून त्यांच्या कंदिलाचा उजेड आत आला आणि आमच्या दारात, कडीच्या जरा वर, काहीतरी हललं असं मला वाटलं. आईनेही तिकडेच पाहिलं.

ढोलकी लांब गेल्यावर बाबा म्हणाले, ‘‘मार्था, एक सांगायचं राहिलंय.’’

‘‘आता काय?’’

‘‘मी गावी थोरल्या चुलतभावाला पत्र टाकलं होतं. विचारलं होतं, आठव्या दिवसाच्या आत गेलेल्या पोराचं काय करायचं असतं. त्याने जाणत्या माणसाला विचारून कळवलं.’’ त्यांनी पट्टी बांधलेला हात दुसऱ्या हातात धरला. ‘‘नाव देता येतं. पुरताना, तिथेच. आठव्या दिवसासाठी थांबायचं नसतं. मला ठाऊक नव्हतं गो. तिकडं कुणीतरी सांगायला असतं. इथं मी एकटाच होतो.’’

आईने विचारलं, ‘‘पत्र कधी आलतं?’’

‘‘सात वर्षं झाली.’’

‘‘सात.’’

‘‘हो.’’

‘‘म्हंजे पाद्रीनं इचारलं तवा...’’

‘‘हो. देता आलं असतं. आज चॅपलच्या भिंतीच्या आत असता तो.’’

मी आईकडे बघायला घाबरत होते. ओरडेल, फळी उलटी करेल, असं काहीतरी. ती पदराने पणतीच्या काठावरचं तेल पुसत राहिली. बाबा तिच्यापुढे खाली बसले. इतक्या जवळ, जमिनीवर, मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

‘‘आता तरी देऊया,’’ ते म्हणाले. ‘‘एलियाहू. त्याच्यासाठी मलिद्याचा नवस बोललो होतो, तेव्हापासून माझ्या मनात तेच होतं. आज आठवा दिवस आहे. एलियाहू ठेवूया.’’

आई म्हणाली, ‘‘त्याले नाव हाय.’’

‘‘कोणतं?’’

‘‘मी पयल्याच दिवशी ठेवलं. दूध पाजताना. तुमचा आठवा दिवस येवाची वाट मी नाई पायली.’’

‘‘मग तेव्हा बोलली का नाहीस?’’

‘‘तुमी मले इचारलं का? रजिस्टर तुमच्यापुढं होतं.’’

‘‘आता सांग.’’

‘‘नाई,’’ आई म्हणाली आणि बिनवातीची पणती गव्हाणीपुढे तशीच ठेवून शेगडीकडे गेली. दिवे एकेक करून विझले. पुलाव झाला, आम्ही जेवलो, कोरा चहा प्यालो. त्या संध्याकाळी आईने चौथी ताटली खाली काढली आणि परत ठेवली नाही. ती रिकामी आमच्या मधे राहिली. बाबा तिला वळसा घालून जेवले.

पुढच्या वर्षी वाती मीच वळल्या. पंचेचाळीस. बाबांचा हात बरा झाला होता, तरी त्यांनी ते काम परत मागितलं नाही. आईला नाव त्यांनी पुन्हा विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. निवृत्तीनंतर ते गावी गेले, आई थोडे दिवस तिकडे, थोडे दिवस माझ्याकडे. ते गेले तेव्हा त्यांना त्यांच्या लोकांच्या कबरस्तानात, समुद्राच्या बाजूला पुरलं. इकडे उघडी खाण वाढत वाढत कॉलनीच्या मागे आली. पळस गेले, त्यांच्याखालची माती गेली. मी एकदा मुद्दाम जाऊन उभी राहिले. जिथे माझा भाऊ होता तिथे आता जमीनच नाही. नुसती हवा आहे आणि खूप खाली पिवळी यंत्रं.

आई गेल्या हिवाळ्यात गेली. शेवटच्या आठवड्यात, एका दुपारी, मी तिला मोसंबीचा रस पाजत होते, तेव्हा ती माझ्या खांद्यावरून दवाखान्याच्या दाराकडे बघत होती. नजर पार चौकटीच्या वरपर्यंत गेलेली. चाळिशी ओलांडलेल्या उंच माणसाकडे बघावं तशी. मी वळून पाहिलं नाही. तिला विचारलं, ‘‘काय नाव ठेवलं होतंस?’’

ती म्हणाली, ‘‘एलिया.’’

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ‘‘अगं, बाबांनी तेच सांगितलं होतं की!’’

‘‘तेच.’’

‘‘मग त्यांना बोलली काऊन नाहीस? केवढं बरं वाटलं असतं त्यांना.’’

‘‘बोलली असती तर ते त्याईचं झालं असतं,’’ आई म्हणाली. ‘‘त्याईनं ठेवलेलं. माती त्याईनं देली, वात त्याई वळत. माह्याजवळ तेवढं एकच होतं. राहू दिलं.’’ रस संपल्यावर तिने स्वतःच तोंड पुसलं. ‘‘आता तू लिव कुठंतरी.’’

उशीत अजून सोळा-सतरा वातींचा कापूस आहे. तो आधी सरेल की मी, सांगता येत नाही. पण लिहायचं काम मी लांबवलं नाही. आई चॅपलच्या भिंतीच्या आत आहे, तिचा दगड मी या उन्हाळ्यात करून घेतला. पाथरवट तेलुगू, त्याला मराठी वाचता येत नाही. कागदावर लिहून दिलेलं तो चित्रासारखं दगडावर उतरवतो. पैसे अक्षरामागे चाळीस रुपये, काना-मात्रेचे वेगळे नाहीत. आईच्या नावाखाली थोडी जागा सोडून मी दुसरं नाव लिहिलं होतं. त्याने कागदावर बोट ठेवून विचारलं, ‘‘ई पेरु एवरिदि?’’ हे नाव कुणाचं?

‘‘मा अन्नदि,’’ मी म्हटलं. माझ्या थोरल्या भावाचं. कोणत्याही भाषेत तो शब्द मी कुणासाठी पहिल्यांदाच वापरत होते.

त्याने तारीख विचारली नाही. तीन अक्षरं मोजली आणि कामाला लागला. आईच्या अक्षरांचे पैसे मी चॅपलच्या माणसाकडे आधीच दिले होते. या तीन अक्षरांचे, एकशे वीस रुपये, दगड बसल्यावर पाथरवटाच्या हातात वेगळे दिले. घासाघीस केली नाही.